कर्टसी बस आणि मतपत्रिकेवरचं एक वाक्य: न्यू जर्सीतल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेत घर शोधायला निघालेल्या मराठी जोडप्याला ओळखीचे सगळे आधी एकच विचारतात, "स्कूल डिस्ट्रिक्ट कुठला?" खोल्या, अंगण, ऑफिसला जायची ट्रेन हे सगळं त्यानंतर. हे प्रकरण मध्य न्यू जर्सीतल्या अशाच एका टाउनशिपचं, म्हणजे स्वतःचा कारभार असलेल्या गावाचं आहे, जिचं नाव शाळांमुळे झालं. पैसे कमी पडले तेव्हा तिथल्या मुलांची बस आणि वाचायला शिकवणारे शिक्षक गेले, आणि ते परत आणायला मतदारांकडे जावं लागलं, त्याची ही गोष्ट. गावाचं नाव आणि वर्ष मी मुद्दाम देत नाही. यातली माणसं अजून तिथंच राहतात आणि दुकानात, बस स्टॉपवर एकमेकांना भेटतात. ओळख पटेल असे काही बारकावे बदलले आहेत. मी त्या काळात पालकांच्या गटात होते, डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या बोर्डाच्या जवळजवळ सगळ्या बैठकांना बसले. जे चुकलं त्यात आमचाही वाटा होता, तोही लिहिते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला आधी रचना सांगायला हवी, कारण आपल्याकडे तिला नेमकी जोड नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं आलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, पण ती कर बसवू शकत नाही. न्यू जर्सीतल्या बहुतेक गावांत स्कूल डिस्ट्रिक्ट ही सार्वजनिक शाळा चालवणारी, गावाच्या कारभारापासून वेगळी संस्था आहे. तिचं बजेट वेगळं, नोकरवर्ग वेगळा, आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात तिची स्वतःची ओळ असते. राज्यात असे जवळजवळ 600 डिस्ट्रिक्ट आहेत. घरमालकाच्या एकूण प्रॉपर्टी टॅक्सपैकी सरासरी निम्मी रक्कम शाळांकडे जाते. हा कर देशात सर्वांत चढ्या करांपैकी एक आहे. 2024 मध्ये राज्यातल्या घराचं सरासरी बिल पहिल्यांदा 10,000 डॉलरच्या वर गेलं.

आमच्या डिस्ट्रिक्टचं बोर्ड नऊ जणांचं. मुदत तीन वर्षांची, दरवर्षी तीन जागांची निवडणूक, पक्षाचं चिन्ह नाही, मानधन नाही. हे नऊ जण सुपरिंटेंडंट नेमतात आणि शाळा तो चालवतो. पैशाचा हिशेब बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटरकडे, सगळे त्याला नुसतं "बी.ए." म्हणतात. बजेट आधी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कार्यकारी सुपरिंटेंडंटकडून तपासून यावं लागतं. शिवाय राज्य ठरावीक काळानं अध्यापन, आर्थिक व्यवहार, कारभार, दैनंदिन व्यवस्था आणि कर्मचारी अशा पाच अंगांनी डिस्ट्रिक्टची तपासणी करतं. आमचा डिस्ट्रिक्ट त्यात नेहमी चांगल्या गुणांनी पार पडत असे.

निकालही चांगले होते. तिसरी ते आठवीच्या राज्य परीक्षांत भाषा आणि गणित दोन्हींत आमची मुलं राज्याच्या सरासरीच्या बरीच पुढे असत. पण राज्य दरवर्षी प्रत्येक शाळेचा अहवाल गटवार फोड करून देतं: कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं, इंग्रजी शिकत असलेली मुलं, विशेष शिक्षण घेणारी मुलं. हायवेच्या बाजूला अपार्टमेंटची दोन मोठी संकुलं आहेत. तिथली मुलं ज्या प्राथमिक शाळेत जातात तिचा तक्ता उघडला की निकाल बरेच खाली दिसत, जणू ती दुसऱ्याच गावातली शाळा. डिस्ट्रिक्टची सरासरी त्या शाळेला झाकून टाकत होती. पुढं जे घडलं त्याचा सगळ्यात जड भार याच शाळेवर पडला.

पैसा कुठून येतो

न्यू जर्सीच्या संविधानात 1875 पासून "परिपूर्ण आणि कार्यक्षम" मोफत सार्वजनिक शाळांची हमी आहे. श्रीमंत गाव आणि गरीब शहर यांच्या शाळांतली दरी या हमीत बसते का, हा वाद 1973 च्या रॉबिन्सन खटल्यापासून आणि 1985 नंतर अॅबट खटल्यांच्या मालिकेतून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात चालला. राज्यानं 1976 मध्ये आयकर लावला तो याच दबावाखाली. राज्य कोणत्या डिस्ट्रिक्टला किती मदत देतं ते ठरवणारं सध्याचं सूत्र 2008 च्या कायद्याचं आहे.

सूत्र ऐकायला सरळ आहे. डिस्ट्रिक्टमधल्या मुलांची संख्या घ्यायची, कमी उत्पन्नाच्या आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना जास्त वजन द्यायचं, आणि पुरेसं शिक्षण द्यायला किती खर्च येईल ते काढायचं. मग गावातल्या घरांची किंमत आणि लोकांचं उत्पन्न बघून गावाला त्यातलं किती पेलता येईल ते ठरवायचं. दोन्हींतला फरक राज्य देतं.

घरांच्या किमती सूत्रात थेट येतात, आणि आमच्या गावाचा घोळ इथंच झाला. शाळा चांगल्या म्हणून बाहेरून लोक आले, त्यात आपले मराठी, गुजराती, तेलुगू लोक फार मोठ्या संख्येनं. घरं महागली. घरं महागली की सूत्र म्हणतं, हे गाव आता स्वतः जास्त भरू शकतं. राज्याचा वाटा आकसतो. आणि गावाला तो वाटा भरून काढायची मोकळीक नाही, कारण 2010 च्या कायद्यानं शाळेसाठी गोळा होणारा एकूण कर वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. विद्यार्थी वाढले किंवा आरोग्य विम्याचा खर्च उसळला तर थोडी सवलत मिळते. एखाद्या वर्षी वाढवायची राहिलेली रक्कम पुढची तीन वर्षं वापरता येते, पण आमच्या बोर्डानं ती आधीच वापरून टाकली होती.

2 टक्क्यांचा आणखी एक नियम आहे, तो फार कमी पालकांना माहीत असतो. वर्षाअखेर शिल्लक राहिलेला मोकळा पैसा सर्वसाधारण खर्चाच्या साधारण 2 टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही. वरचा पैसा पुढच्या बजेटमध्ये आणून कर कमी करायला लावतात. इमारतींसाठी वेगळी राखीव ठेव चालते, पण तिच्यातून शिक्षकाचा पगार देता येत नाही. म्हणजे चांगल्या वर्षी साठवता येत नाही आणि वाईट वर्षी मागता येत नाही.

अडचण

जुन्या सवलतींमुळे सूत्रापेक्षा जास्त मदत मिळत असलेल्या डिस्ट्रिक्टांची जादा मदत सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं काढून घ्यायची, असा कायदा जुलै 2018 मध्ये झाला. तो विधेयकाच्या क्रमांकावरून "एस-2" म्हणूनच ओळखला जातो. टॉम्स रिव्हर आणि जॅक्सनसारख्या डिस्ट्रिक्टांना त्याची फार मोठी झळ बसली. आमची झळ त्यांच्याइतकी नव्हती, पण शेवटच्या टप्प्यांत ती दुसऱ्या दोन गोष्टींबरोबर एकाच वेळी आली.

पहिली, कोविडच्या काळात केंद्र सरकारनं शाळांना दिलेला निधी. त्याचा शेवटचा हप्ता कशावर खर्च करायचा ते 30 सप्टेंबर 2024 पर्यंतच पक्कं करता येणार होतं. आमच्या डिस्ट्रिक्टनं त्यातून वाचन-तज्ज्ञ आणि समुपदेशक नेमले, आणि त्यांतले बरेचसे हायवेजवळच्या त्या शाळेत. काम चांगलं चाललं होतं, पण एकदाच मिळणाऱ्या पैशावर कायमची माणसं उभी होती.

दुसरी, विशेष शिक्षणाचा खर्च. ते देणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि असायलाच हवं. 1975 च्या कायद्यात केंद्रानं अशा प्रत्येक मुलामागे, देशात एका विद्यार्थ्यावर होणाऱ्या सरासरी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचं कबूल केलं होतं. तिथवर ते कधी पोहोचलंच नाही. उरलेल्यातला बराचसा भार गावाच्या करावर येतो.

हिशेब कसा तुटतो ते सोप्या आकड्यांत मांडते. हे त्या गावाचे खरे आकडे नव्हेत. समजा शाळेचा कर 10 कोटी डॉलर आहे आणि एकूण बजेट 12 कोटी. कर 2 टक्क्यांनी वाढवला तर 20 लाख जास्त आले. बजेटमधले 9 कोटी पगार आणि विम्यात जातात. ते करारानुसार साडेतीन टक्क्यांनी वाढले तर साडेएकतीस लाख जास्त लागले. बाकी सगळा खर्च जागच्या जागी ठेवला तरी साडेअकरा लाख कमी पडले. त्यात राज्याची मदत 15 लाखांनी घटली. शिक्षकाचा पगार-विमा मिळून सरासरी एक लाख धरला, तर सव्वीस-सत्तावीस शिक्षक गेले.

राज्यपालांचं अर्थसंकल्पाचं भाषण फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला होतं. त्यानंतर दोन दिवसांत प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या मदतीचा आकडा जाहीर होतो. त्या संध्याकाळी आम्ही चौघी एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलो होतो. लांबलचक तक्ता, प्रत्येक गावाला एक ओळ. आमच्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात आकड्याआधी उणे चिन्ह होतं. मैत्रिणीनं बोट ठेवून ओळ पुन्हा पुन्हा वाचली, शेजारच्या गावाची तर वाचत नाही ना म्हणून.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कच्चं बजेट काउंटीकडे जायला हवं होतं. एप्रिलच्या शेवटी जाहीर सुनावणी. आणि ज्या शिक्षकांना अजून कायम केलेलं नाही, त्यांना पुढच्या वर्षी नोकरी आहे की नाही हे 15 मेपर्यंत लेखी कळवावं लागतं.

समोर असलेले पर्याय

बोर्डापुढं चार रस्ते होते.

एक, शिक्षक कमी करून वर्ग मोठे करायचे. नोकरीत कायम होण्यासाठी चार वर्षं लागतात, आणि कपात होते तेव्हा नवे शिक्षक आधी जातात. वाचन-तज्ज्ञ आणि समुपदेशक सगळे नवेच होते. म्हणजे कोणी मुद्दाम ठरवलं नसतं तरी कात्री हायवेजवळच्या शाळेवरच चालणार होती.

दोन, कर्टसी बस बंद करायची. कायद्यानं आठवीपर्यंतच्या मुलाला घर शाळेपासून 2 मैलांहून लांब असेल तरच बस द्यावी लागते, आणि नववीपासून पुढं अडीच मैल. त्याच्या आतल्या मुलांना डिस्ट्रिक्ट स्वखुशीनं बस देतो, ती कर्टसी बस. 2 मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटर. आपल्याकडची मुलं याहून जास्त चालतात हे मला कितीतरी जणांनी ऐकवलं. पण आपल्याकडच्या गावात त्या वाटेवर माणसं असतात. इथं वाट म्हणजे फुटपाथ नसलेला काउंटी रस्ता, ताशी 45 मैलांच्या गाड्या, आणि जानेवारीत रस्त्यावरून कडेला सारलेल्या बर्फाचा ढीग.

तीन, सगळ्यात लहान प्राथमिक शाळा बंद करून हद्दी नव्यानं आखायच्या. बी.ए. च्या मते लांबचा विचार केला तर हाच खरा बचतीचा रस्ता होता, पण बचत दुसऱ्या वर्षापासून सुरू होणार होती. हा पर्याय बैठकीच्या विषयपत्रिकेवर नुसता आला, तर त्या रात्री सभागृहात उभं राहायला जागा उरली नाही. हद्द बदलली की घराची किंमत बदलते, हे सगळ्यांना ठाऊक. बोर्डानं तो पर्याय एका बैठकीत मागं घेतला. त्या शाळेच्या पालकांमध्ये वकील होते, वक्ते होते. हायवेजवळच्या शाळेच्या बाजूनं त्या रात्री दोनच आया बोलल्या, त्यातल्या एकीनं स्पॅनिशमधून, आणि दुभाष्या आलेला नव्हता.

चार, मतदारांना विचारायचं. 2012 च्या कायद्यानंतर बहुतेक डिस्ट्रिक्टांनी निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेली, आणि त्या बदल्यात 2 टक्क्यांच्या आतल्या बजेटवर मतदान बंद झालं. पण मर्यादेच्या वर जायचं तर मतपत्रिकेवर वेगळा प्रश्न ठेवावा लागतो. त्याला सगळे "सेकंड क्वेश्चन" म्हणतात.

काय केलं

बोर्डानं चौथा रस्ता धरला. बजेट 2 टक्क्यांत बसवून मे महिन्यात मंजूर केलं. त्यात कर्टसी बस नव्हती आणि वाचन-तज्ज्ञ, समुपदेशकही नव्हते. हे सगळं परत आणायचा प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर ठेवायचा ठराव पाच विरुद्ध चार मतांनी झाला.

इथं दोन निर्णय असे झाले, ज्यांचा मी अजून विचार करते.

पहिला, बस आणि शिक्षक एकाच प्रश्नात बांधले. त्यामागं विचार होता: बस गावाच्या सगळ्या भागांत हवी आहे, वाचन-तज्ज्ञांचं महत्त्व एकाच शाळेला कळतं, तेव्हा बसच्या जोरावर शिक्षकही तरून जातील. आम्ही पालकांनीही हेच सुचवलं. दोन वेगळे प्रश्न ठेवायची सूचना एका ज्येष्ठ सदस्यानं केली होती. ते निवृत्त शिक्षक. "लोकांना एक नको असेल तर दोन्ही नाकारतील," असं ते म्हणाले. त्यांचं कोणी ऐकलं नाही, मीही नाही.

दुसरा निर्णय वेळेचा. प्रश्न नोव्हेंबरचा, पण शाळा सप्टेंबरात सुरू. त्या दोन महिन्यांसाठी शिलकीतून बस चालू ठेवता आली असती. बोर्डातल्या बहुसंख्यांनी नाही म्हटलं: त्रास दिसला नाही तर लोक पैसे का देतील? मला तेव्हा हे पटलं होतं. सप्टेंबरात शाळांपुढं गाड्यांच्या रांगा मुख्य रस्त्यापर्यंत लागल्या, आणि ज्यांची मुलं कधीच मोठी होऊन गेली आहेत त्या शेजाऱ्यांना कामावर जायला उशीर व्हायला लागला. त्यांनी त्यातून काढलेला अर्थ असा: बोर्डानं मुलांना ओलीस धरलंय.

मग मतपत्रिकेचा मजकूर आला. त्यात काय असावं हे कायदा ठरवतो. दोन वाक्यं टाळता येत नाहीत. एक, हा कर मंजूर झाल्यास डिस्ट्रिक्टच्या करात कायमची वाढ होईल. दुसरं, हा खर्च राज्याच्या शैक्षणिक मानकांसाठी आवश्यक असलेल्या खर्चाव्यतिरिक्त आहे. दुसरं वाक्य वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. जी मुलं तिसरीत येऊनही वाचत नाहीत त्यांना वाचायला शिकवणारी बाई "आवश्यक असलेल्या खर्चाव्यतिरिक्त" कशी? कायद्याची बाजू मला समजते. आवश्यक असेल ते मर्यादेतल्या बजेटातच असायला हवं. पण मतदान-यंत्रापुढं उभ्या माणसाला ही पार्श्वभूमी कोण सांगणार? तो वाचतो: कायमचा कर, अनावश्यक खर्चासाठी.

बोर्डाला ते समजावून सांगता आलं असतं, पण "होय म्हणा" असं सांगता येत नव्हतं. सरकारी पैशानं मतदारांना माहिती द्यावी, एका बाजूला मत द्या असं आवाहन करू नये, हा न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1953 चा निकाल आहे, पार्सिपनी-ट्रॉय हिल्सच्या बोर्डाविरुद्धच्या खटल्यातला. तो विल्यम ब्रेनन यांनी लिहिला, जे पुढं देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल योग्यच आहे. पण त्यामुळे प्रचाराचं सगळं काम पालकांवर आलं, आणि आम्ही ते नवशिक्यासारखं केलं.

आम्ही कुणाकडे गेलो? आमच्यासारख्यांकडेच. रविवारी मराठी शाळा सुटायच्या वेळी, देवळात, क्रिकेटच्या मैदानावर. सगळे हो म्हणायचे. ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी यादी घेऊन बसले तेव्हा कळलं, की हो म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना मतच नाही. कोणी एच-वन-बी वर, कोणी ग्रीन कार्डच्या रांगेत, कोणाकडे ग्रीन कार्ड आहे पण नागरिकत्व नाही. घर त्यांचं, कर त्यांचा, मूल त्या शाळेत. मत फक्त नागरिकाला. एक गृहस्थ मला म्हणाले, "वहिनी, चौदा वर्षं टॅक्स भरतोय. माझी मुलगी हायस्कूल संपवून जाईल, तेव्हाही मी मत देऊ शकणार नाही." ते तरीही आमच्याबरोबर रोज दारोदार फिरले.

ज्यांच्याकडे मत होतं ते आमच्याच गल्लीत राहत होते. समोरच्या घरातल्या आजीबाई, इटालियन वंशाच्या, नवरा वारलेला, चाळीसहून जास्त वर्षं त्याच घरात. त्यांच्या तिन्ही मुलांनी याच शाळांत शिक्षण घेतलं. मी पत्रक घेऊन गेले तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या खणातून टॅक्सचं बिल काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, मला शाळा हव्यात ग, पण पेन्शन वाढत नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर, मतदान होऊन गेल्यावर, मला समजलं की राज्याची "सीनिअर फ्रीझ" नावाची योजना आहे. 65 वर्षांवरच्या, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरमालकाला पात्र झाल्यानंतर वाढलेला प्रॉपर्टी टॅक्स राज्य परत देतं. बहुतेक त्या पात्र ठरल्या असत्या. मी त्यांच्या टेबलाशी अर्धा तास बसले होते आणि मला हे माहीत नव्हतं.

निकाल

प्रश्न थोड्या मतांनी पडला. बोर्डावर तीन जागांपैकी दोन नव्या माणसांनी जिंकल्या. एक प्रश्नाच्या बाजूचा, एक विरोधातला.

हिवाळा आला. डिस्ट्रिक्टनं पैसे भरून बस घ्यायची सोय केली. कायदा ते चालू देतो. ज्यांना परवडलं त्यांनी जागा घेतली. अपार्टमेंटमधल्या बऱ्याच घरांना दोन-दोन मुलांची फी एकदम भरणं जमलं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी मी गाडीनं जात होते. काउंटी रस्त्याच्या कडेनं एक आजी चालल्या होत्या: नऊवारी नाही, पण साडीच, वर सुनेचा असावा असा लांब कोट, पायात बूट, दोन्ही हातांत एकेक नातवंड. मी गाडी थांबवून तिघांना आत घेतलं. सोलापूरकडच्या निघाल्या, सहा महिन्यांसाठी आलेल्या. "दोघांना दोन हातांनी धरलंय बाई, आणि दप्तरं खांद्यावर. गाडी आली तर बाजूला व्हायचं कुठं? बाजूला बर्फ हाय." मुलगा-सून दोघंही सकाळी सातलाच बाहेर पडत. धाकट्यानं हातमोजा हरवला होता, तर त्याचा हात त्यांनी आपल्या कोटाच्या बाहीत ओढून घेतला होता. मला म्हणाल्या, "उद्या येशील का ग?" मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी मला कामावर लवकर जायचं होतं.

फेब्रुवारीच्या बैठकीत हायवेजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेनं सांगितलं, की उशिरा येणं आणि गैरहजेरी दोन्ही वाढलंय आणि ते बहुतेक चालत येणाऱ्या घरांमधलं आहे. शाळेच्या दिवसांपैकी 10 टक्के किंवा जास्त दिवस मूल गैरहजर राहिलं तर ते राज्याच्या अहवालात वेगळं मोजलं जातं. बसचा खर्च आणि वाचनाचे निकाल हे बजेटमध्ये दोन वेगळ्या पानांवर होते. त्या बाईंनी ते पहिल्यांदा एका वाक्यात आणलं. बाकीचं वर्ष बोर्ड त्याच वाक्याभोवती फिरलं.

पुढच्या नोव्हेंबरला दोन वेगळे प्रश्न ठेवले. वाचन-तज्ज्ञ आणि समुपदेशकांचा प्रश्न पास झाला. बसचा पुन्हा पडला, आणि या वेळी जास्त मतांनी. म्हणजे बसच्या जोरावर शिक्षक तरतील हा आमचा अंदाज बरोबर उलटा होता. शिक्षक स्वतःच्या बळावर उभे राहू शकत होते. आम्हीच त्यांना बुडवलं होतं. एक अख्खं वर्ष त्या मुलांचं गेलं, आणि तिसरीतलं एक वर्ष परत मिळत नाही.

पुन्हा करायचं तर

पहिली गोष्ट, तारखा. बी.ए. नं पाच वर्षांचा अंदाज बोर्डाच्या वित्त समितीला आदल्या नोव्हेंबरमध्येच दाखवला होता. त्यात खड्डा स्पष्ट दिसत होता. लोकांना तो मार्चमध्ये कळला आणि गर्दी एप्रिलच्या सुनावणीला झाली, म्हणजे कच्चं बजेट काउंटीकडून परत आल्यावर. न्यू जर्सीच्या कायद्यानं बोर्डाच्या प्रत्येक बैठकीत लोकांना बोलायला वेळ द्यावा लागतो, नागरिक असोत वा नसोत. ज्यांना मत नाही त्यांच्याकडे हेच एक हत्यार आहे, आणि ते नोव्हेंबर ते जानेवारीत चालवायला हवं होतं, जेव्हा पाच-सात माणसांपुढं बी.ए. निवांत उत्तरं देतो. पुढच्या वर्षी आम्ही तेच केलं. त्या हिवाळ्यातल्या बैठकांना ते चौदा वर्षं टॅक्स भरणारे गृहस्थ एकदाही चुकले नाहीत.

दुसरी, लहान शाळा बंद करायचा पर्याय एका रात्रीत मागं घेतला गेला, तो निदान अभ्यासला तरी जायला हवा होता. त्या शाळेवर माझं प्रेम आहे, माझा मुलगा तिथं शिकला. पण ज्यांचा आवाज मोठा त्यांची इमारत वाचली आणि ज्यांचा दुभाष्या आला नाही त्यांची वाचन-बाई गेली, हे मी स्वतः त्या सभागृहात बसून पाहिलं आणि इमारतीसाठी टाळ्याही वाजवल्या.

तिसरी, बससाठी आम्ही चुकीचं दार ठोठावत होतो. प्रश्न खरं तर रस्त्याचा होता आणि रस्ता शाळेचा नाही. पायी जायला धोकादायक असलेले मार्ग ठरवून बोर्ड आणि टाउनशिप मिळून काही करू शकतात. कायद्यात तशी तरतूद आहे. पहिल्या वर्षी टाउनशिपच्या समितीकडे आमच्यातलं कोणी गेलंच नव्हतं. बसचा प्रश्न दुसऱ्यांदा पडल्यावर गेलो. निवृत्त शिक्षक असलेले ते बोर्ड-सदस्य आमच्याबरोबर सकाळी साडेसातला तो रस्ता चालले, हातात मोजपट्टी घेऊन, कडेची जागा कुठं किती उरते ते वहीत लिहीत. ती वहीच टाउनशिपच्या बैठकीत पुढं केली.

चौथी, समोरच्या आजीबाई. आता कोणाकडे जाताना पत्रकाबरोबर सीनिअर फ्रीझचा अर्जही नेते. त्यांचा अर्ज आम्ही दोघींनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून भरला. दुसऱ्या वर्षी त्यांनी कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही.

टाउनशिपनं शाळेच्या चौकात सकाळ-दुपार क्रॉसिंग गार्ड नेमला आणि आपल्या हद्दीतल्या तुकड्याला फुटपाथ केला. उरलेला तुकडा काउंटीच्या रस्त्यावर येतो, तिथल्या लुकलुकत्या दिव्यासाठी काउंटीची परवानगी लागते. अर्ज गेला आहे. तोवर त्या तुकड्यावर सकाळी पावणेआठला पालकांपैकी दोघं पिवळी जाकिटं घालून उभे राहतात. या महिन्यात मंगळवार-गुरुवार माझी पाळी आहे.